वळवणचे महासीर

निगडी हे गाव दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर वसलेले आहे, ही गोष्ट प्राधिकरणाच्या आखीव पेठांत आणि कारखान्यांच्या पाळ्यांत दिवस घालविणाऱ्या तेथील रहिवाशांच्याही सहसा ध्यानी येत नाही. दक्षिणेस पवना वाहते. तिचे पाणी रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलून निगडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात आणले जाते आणि तेथून पिंपरी-चिंचवडच्या घराघरांत पोहोचते. उत्तरेस देहूच्या अंगाला इंद्रायणी वाहते, जिच्या काठावरून ज्येष्ठात तुकोबांची पालखी निघते आणि निगडीच्या रस्त्याने आकुर्डीच्या मुक्कामास जाते. दोन्ही नद्यांचे उगम लोणावळ्याच्या आसपासच्या डोंगरांत आहेत आणि दोन्हींचे पाणी अखेर भीमेस मिळते. या दोन नद्यांच्या, आणि एकंदर कृष्णा-भीमेच्या खोऱ्याच्या, मत्स्यसृष्टीतील सर्वांत देखणा व बलवान रहिवासी म्हणजे महासीर. त्याचे प्रजनन मनुष्याच्या हातून घडवून आणण्याचा जो दीर्घ प्रयोग निगडीहून रेल्वेने फार तर तासाभराच्या अंतरावर, लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी झाला, त्याची हकीकत या प्रकरणात सांगावयाची आहे. या प्रयोगाने मत्स्यशेतीस मोलाचे ज्ञान दिले, आणि पुढे त्याच ज्ञानाच्या वापराने एक निराळाच पेच उभा केला. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्यावाचून ही हकीकत पुरी होत नाही.

शास्त्राच्या दप्तरी दख्खनच्या महासीराची पहिली नोंद एका लष्करी अंमलदाराने केली आहे. कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्यात मुलखाचा सांख्यिकी तपशील गोळा करण्याच्या कामगिरीवर नेमलेल्या कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने जमीन, पिके आणि लोकवस्ती यांची गणती करता करता दख्खनचे पक्षी व मासेही टिपून ठेवले, आणि पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या या माशाचे वर्णन १८३९ साली प्रसिद्ध केले. त्याला आज टॉर खुद्री या नावाने ओळखतात. मोठे, कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले, मांसल ओठ, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या आणि निळसर झाक असलेले पर ही त्याची लक्षणे होत. त्याला वाहते, स्वच्छ, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. पावसाळ्यात नदीला पूर आला की तो प्रवाहाच्या उलट दिशेने चढतो आणि उथळ, खडकाळ, वाळू-गोट्यांच्या जागी अंडी घालतो. देहूच्या डोहात वारकऱ्यांनी घातलेल्या खाद्यावर निर्धास्त वाढलेले मोठे मासे याच जातीचे म्हणून प्रसिद्ध होते, आणि महाडजवळच्या वाळण कोंडीत देवीचे म्हणून राखलेले मासेही महासीरच आहेत. शास्त्रज्ञ येण्यापूर्वी कित्येक पिढ्या त्या त्या गावच्या श्रद्धेने हे डोह मासेमारीला बंद ठेवले, ही गोष्ट मत्स्यसंवर्धनाच्या इतिहासात मानाने नोंदविली पाहिजे.

ज्या शास्त्रज्ञाचे नाव वळवणच्या प्रयोगाशी कायमचे जोडले गेले, त्या डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांची कीर्ती मात्र महासीरापासून सुरू होत नाही. तिचा आरंभ दोनएक सेंटिमीटर लांबीच्या, काचेसारख्या पारदर्शक आणि कोणत्याही बाजारात ज्याला कवडीचीही किंमत आली नसती अशा एका माशापासून झाला. मुंबई प्रांताच्या किनाऱ्यालगतच्या खाड्यांत व निमखाऱ्या पाण्यात राहणाऱ्या या जीवाचे वर्णन कुलकर्णींनी १९४० साली केले आणि त्यास होराइक्थिस सेतनाई असे नाव दिले. त्यातील पहिले पद भारतीय मत्स्यविज्ञानाचे थोर अध्वर्यू सुंदरलाल होरा यांच्या गौरवार्थ आहे आणि दुसरे मुंबई प्रांताच्या मत्स्यखात्याचे अधिकारी एस. बी. सेतना यांच्या सन्मानार्थ. या माशाची प्रजननरीती इतकी विलक्षण होती की कुलकर्णींनी त्याच्यासाठी एक स्वतंत्र कुळच कल्पिले. नराच्या गुदपराचे पुढचे काही काटे रूपांतरित होऊन त्यांचे एक लांब समागमेंद्रिय बनलेले असते. त्याच्या साहाय्याने नर आपले शुक्राणू मोकळे सोडीत नाही, तर एका सूक्ष्म कुपीत भरून ती कुपी मादीच्या जननद्वाराजवळ चिकटवितो. मादीचा उजवा श्रोणिपर नसतोच, आणि हा अभाव त्या कुपीच्या सोयीसाठीच असावा असे वाटण्याजोगी तिच्या शरीराची ठेवण आहे. फलन शरीराच्या आत होते, आणि तरीही मादी पिलांना जन्म न देता अंडी घालते. ती अंडी पाणवनस्पतींना बारीक तंतूंनी अडकून राहतात. आंतरफलन आणि जरायुजता (म्हणजे जिवंत पिलांना जन्म देणे) या एकाच मार्गावरील लागोपाठच्या पायऱ्या होत असे मानणाऱ्यास या माशाने चांगलेच विचारात पाडावे. पुढे २००८ साली शास्त्रज्ञांनी त्याचे कुळ रद्द करून त्याला ओरिझियास या, भातखाचरांतल्या माशांच्या, प्रजातीत बसविले. परंतु कुलकर्णींनी केलेले निरीक्षण त्यामुळे यत्किंचितही उणे झाले नाही, आणि त्या माशाच्या नावापुढे त्यांचे नाव व १९४० हे वर्ष आजही लिहिले जाते.

मला या आरंभाचे महत्त्व फार वाटते. पुढे महाराष्ट्राच्या मत्स्यखात्याचे संचालक झालेल्या, म्हणजे हजारो तलाव, परवाने, ठेके आणि मत्स्यबीजाच्या वाटपाचे तक्ते यांत ज्याची कारकीर्द जावयाची अशा अधिकाऱ्याने, तरुणपणी एका निरुपयोगी भासणाऱ्या माशाची पुनरुत्पादनक्रिया भिंगाखाली पाहण्यात वर्षे खर्च केली होती. मासा वाढवावयाचा तर त्याच्या संततीची रीत त्याच्याकडूनच शिकली पाहिजे, ही वृत्ती तेथे तयार झाली, आणि वळवणला तीच उपयोगी पडली.

वळवणकडे वळण्यापूर्वी त्या काळी देशात मत्स्यबीजाची स्थिती काय होती, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. निगडीच्या बाजारात आज जे रोहू, कटला आणि मृगळ सर्रास मिळतात, ते मूळचे गंगेच्या खोऱ्यातील मासे. कृष्णा-भीमेच्या पाण्यात ते आणून सोडलेले आहेत. हे मासे तळ्यात उत्तम वाढतात, त्यांच्या पोटात अंडीही तयार होतात; पण पुराचा वेग, पाण्याचा गढूळपणा, तापमानातील उतार इत्यादी खुणा मिळाल्यावाचून त्यांच्या मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी शेवटचा हुकूम सोडीत नाही, आणि ती अंडी तशीच जिरून जातात. म्हणून पूर्वी नद्यांतून पुराच्या दिवसांत मत्स्यजिरे धरून ते दूरदूरच्या प्रांतांत पाठवीत, आणि त्या जिऱ्यांत निरुपयोगी किंवा भक्षक जातींचीही पिले बेसुमार मिसळलेली असत. अर्जेंटिनात हुसे याने १९३० साली, आणि पुढे ब्राझीलमध्ये फॉन इहेरिंग याने, एका माशाच्या पीयूषिकेचा अर्क दुसऱ्या माशाला टोचून प्रजननक्रिया घडवून आणता येते हे दाखविले. आपल्याकडे डॉ. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे भारतीय कार्प माशांवर हा प्रयोग यशस्वी केला, आणि तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. पाण्यात बांधलेल्या कापडी हाप्यात नर-मादी सोडून, संध्याकाळी सुई टोचून, दुसऱ्या सकाळी लाखो फलित अंडी गोळा करण्याची ही रीत पुढे गावोगावच्या मत्स्यबीज केंद्रांचा शिरस्ता झाली.

महासीराचा मामला याहून निराळा होता, आणि हे निराळेपण त्याच्या अंड्यातच आहे. रोहू-कटल्याची मादी लाखांनी अंडी घालते. ती पाणी शोषून फुगतात, प्रवाहात तरंगत वाहतात आणि एका दिवसाच्या आत त्यांतून पिले बाहेर पडतात. महासीराची अंडी त्या मानाने थोडी, हजारांत मोजावी इतकी, पण आकाराने मोठी, पिवळसर सोनेरी, जड, न चिकटणारी आणि तळाशी बसणारी असतात. त्यांतून पिलू बाहेर यावयास तीन-चार दिवस लागतात, आणि बाहेर आलेले पिलूही पोटाखालच्या भल्या मोठ्या पीतकपिशवीच्या ओझ्याने पुढचे कित्येक दिवस तळाशी, गोट्यांच्या सांदीत, उजेडापासून तोंड लपवून पडून राहते. संततीची संख्या थोडी ठेवून प्रत्येकीच्या शिदोरीत भरपूर अन्न घालावयाचे, हे महासीराचे धोरण आहे. स्वच्छ आणि स्थिर तळाच्या डोंगरी नदीत ते उत्तम चालते. परंतु त्या तळावर गाळ बसला, वाळू उपसली गेली किंवा पाण्यातील प्राणवायू घटला, की या जातीची पिढीच्या पिढी अंड्यातच गुदमरते.

टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी लोणावळ्याच्या परिसरात बांधलेल्या धरणांमागे वळवण, शिरवटा आणि लोणावळा हे तलाव निर्माण झाले, आणि १९१५ पासून त्यांचे पाणी घाटाखाली खोपोलीच्या वीजघरात जाऊ लागले. या धरणांमुळे घाटमाथ्यावरचे पाणी पूर्वेच्या नद्यांना न जाता पश्चिमेस कोकणात उतरू लागले, आणि नदीचे जे महासीर धरणांच्या भिंतीमागे अडकले त्यांना तलावाच्या पाण्यावर आणि त्यास मिळणाऱ्या ओढ्यांवरच निर्वाह करणे प्राप्त झाले. मावळातील धरणांच्या इतिहासाला विस्थापनाच्या वेदनेचीही बाजू आहे. १९२१ साली मुळशीत सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली झालेला सत्याग्रह महाराष्ट्र विसरलेला नाही. लोणावळ्याच्या या धरणांच्या मालक कंपनीने पुढे वळवण येथे मत्स्यबीज केंद्र उभारले, आणि मत्स्यखात्याचे अनुभवी संचालक म्हणून ख्यातनाम असलेले डॉ. कुलकर्णी व त्यांचे तरुण सहकारी एस. एन. ओगले यांनी तेथे महासीरावरील कार्य चालविले.

कुलकर्णींनी प्रथम केले ते निरीक्षण. दख्खनच्या महासीराच्या अंडी घालण्याच्या सवयी, त्याची अंडी आणि पिलांची आरंभीची वाढ यांवरील त्यांचा निबंध मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९७१ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर कृत्रिम फलनाची पद्धत पक्की करण्यात आली, आणि १९७८ साली कुलकर्णी व ओगले यांनी महासीराची तत्कालीन स्थिती व टॉर खुद्रीचे कृत्रिम प्रजनन या विषयावर त्याच नियतकालिकात लेख लिहिला. आषाढ-श्रावणात, तलावात पावसाचे नवे पाणी भरू लागले की पक्व मासे कडेच्या व ओढ्यांच्या मुखांकडील पाण्यात येतात. तेथे त्यांना जाळ्यात धरून, ज्या मादीचे पोट हलक्या हाताने दाबताच अंडी वाहू लागतील तिचीच निवड करावयाची. ती अंडी कोरड्या भांड्यात घ्यावयाची, त्यांवर नराचे वीर्य पिळावयाचे, दोन्ही पिसाने हळुवार मिसळावयाचे आणि मगच पाणी घालावयाचे. ही कोरडी पद्धत एकोणिसाव्या शतकात रशियात व्ह्रास्की याने ट्राउट माशासाठी शोधून काढली होती, आणि तिच्यामागचे शास्त्र मोठे सुंदर आहे. गोड्या पाण्याचा स्पर्श होताच शुक्राणू जागे होतात खरे, पण त्यांचे चापल्य मिनिटभराच्या आसपासच टिकते. तिकडे अंडेही पाणी पिऊ लागते आणि शुक्राणूस आत शिरावयाचे त्याचे एकुलते सूक्ष्म छिद्र मिटू लागते. पाणी आधी घातले तर दोघांचीही वेळ चुकते. पाण्यावाचून आधी एकत्र आणले, म्हणजे पाणी पडताच फलन होते आणि बहुतेक अंडी सार्थकी लागतात. लाखो अंड्यांच्या माशाला थोडी वाया गेली तरी चालते. महासीरासारख्या मोजकी अंडी घालणाऱ्या माशाला हा काटकसरीचा मार्गच अनुरूप आहे.

यापुढे तलावातील रानटी माशांवर अवलंबून राहण्याची गरज कमी करण्याकरिता तळ्यात वाढविलेल्या महासीरांना पीयूषिकेचा अर्क टोचून त्यांच्याकडून अंडी मिळविण्याचे प्रयोग झाले, आणि त्यांचा वृत्तांत कुलकर्णी-ओगले यांनी १९८६ साली दिला. वेगवेगळ्या महासीरांचे संकरही करून पाहण्यात आले. या साऱ्याचा तपशील शास्त्रीय नियतकालिकांत आहे. परंतु या सर्व कामात मला ज्या एका प्रयोगाचे विशेष अप्रूप वाटते तो १९७९ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला, महासीराची अंडी ओल्या कापसात गुंडाळून विमानाने पाठविण्याचा प्रयोग होय.

मत्स्यबीज दूर पाठवावयाचे म्हणजे पाणी पाठवावयाचे, हा त्या धंद्यातला जुना त्रास. पाणी जड, ते हिंदकळते, तापते, त्यातील प्राणवायू संपतो, आणि मुक्कामास पोहोचेपर्यंत पिशवीतील पुष्कळ पिले मेलेली निघतात. कुलकर्णी-ओगले यांनी जाणले की महासीराच्या अंड्याला या प्रवासात पाण्याची आवश्यकताच नाही. त्याला हवा आहे तो ओलावा, आणि कवचातून आत झिरपेल इतका प्राणवायू. हवेत प्राणवायू पाण्यापेक्षा कितीतरी पटीने अधिक असतो, म्हणून ओल्या कापसाच्या थरांत अलगद मांडलेले अंडे पाण्यातल्याहून कमी कष्टाने श्वास घेते. त्यातच या अंड्याला फुटावयास तीन-चार दिवस लागतात, ही त्याची जी संथता नदीत त्याच्या जिवावर उठते, तीच येथे वरदान ठरते. देशाच्या दुसऱ्या टोकाला अंडी पोहोचावयास ती मुदत पुरेशी आहे. रोहूच्या अंड्यांबाबत हे शक्य नाही, कारण ती वाटेतच फुटतील. अंड्याची जडता, कवचाचा भक्कमपणा, वाढीचा मंद वेग हे तीन गुण आधी निरीक्षणाने नोंदविले गेले होते, म्हणूनच ही युक्ती सुचू शकली. पूर्वज्ञान जसेच्या तसे उपयोगास आले, असा हा दाखला आहे.

या सुलभतेमुळे वळवणच्या महासीराचे बीज महाराष्ट्रापुरते राहिले नाही; अंडी, मत्स्यजिरे आणि बोटुकली या रूपांत ते इतर राज्यांच्या मत्स्यखात्यांकडे व संस्थांकडे जाऊ लागले. धरणांनी, स्फोटकांच्या बेकायदा मासेमारीने आणि प्रदूषणाने जी जात बहुतेक नद्यांतून मागे हटत होती, तिला या वाटपाने आधार मिळेल अशी त्यावेळी सर्वांचीच प्रामाणिक भावना होती, आणि या जातीपुरता काही अंशी तो मिळालाही. जागतिक निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत एकेकाळी धोक्यात आलेली म्हणून नोंदलेली ही जात २०१८ साली सर्वांत कमी चिंतेच्या वर्गात आणण्यात आली.

पण कावेरीची हकीकत निराळी झाली. त्या नदीत एक स्वतःचा, पाठीवर उंच वशिंडासारखा बाक असलेला महासीर होता. तो प्रचंड वाढे. कावेरीस मिळणाऱ्या कबिनी नदीत १९४६ साली गळाला लागलेल्या १२० पौंड वजनाच्या अशाच महासीराची नोंद प्रसिद्ध आहे. कावेरीत दख्खनच्या निळसर परांच्या महासीराचे बीज सोडण्यात आले, तेव्हा महासीर तो महासीर, अशी समजूत होती. गळ टाकून मासा पकडून पुन्हा सोडून देणाऱ्या हौशी मंडळींच्या छावणीतील १९९८ ते २०१२ या काळातील नोंदी पुढे अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा आढळले की निळ्या परांच्या महासीरांची संख्या वाढत गेली आहे आणि वशिंडवाला महासीर झपाट्याने नाहीसा होत चालला आहे. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. विशेष खेदाची गोष्ट अशी की ज्या माशाला अवघे जग दीडशे वर्षे ओळखत होते, त्याला निर्विवाद शास्त्रीय नावसुद्धा तोवर नव्हते. २००७ साली केरळात वर्णन झालेली टॉर रेमादेवी ही जात म्हणजेच हा मासा, हे २०१८ साली निश्चित झाले, आणि त्याच वर्षी त्याची गणना अत्यंत संकटग्रस्त जातींत झाली. ते निश्चित करणाऱ्या अभ्यासकांच्या गटात पुण्याचे नीलेश दहाणूकर होते, ज्यांनी सहकाऱ्यांसह २०१२ साली इंद्रायणीच्या मत्स्यसंपदेचीही सूची प्रसिद्ध केली होती.

या परिणामाचा दोष कुलकर्णी-ओगले यांच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. नदीनिहाय वंशभेदाची पारख करणारी जनुकीय साधने त्या काळी हाती नव्हती, आणि बीज कोणत्या पाण्यात सोडावयाचे याचा निर्णय प्रयोगशाळेत होत नसतो. तथापि कावेरीत जे झाले त्यापासून एक शास्त्रीय शिस्त निश्चित झाली आहे: प्रजनक मासे ज्या नदीचे, त्यांची पिले त्याच नदीच्या खोऱ्यात सोडावीत, एकाच दोन जोडप्यांची संतती सर्वत्र पसरू नये, आणि सोडण्यापूर्वी त्या पाण्यात कोण राहतो आहे, याची आधी तहकीकात व्हावी. मत्स्यबीज केंद्राच्या नोंदवहीत पिलांच्या संख्येइतकेच त्यांच्या वंशाचे आणि गंतव्याचे रकाने भरले जाणे आवश्यक आहे.

आता प्रश्न इंद्रायणीचा. वळवण तिच्या शिरोभागी आहे, त्यामुळे येथल्या माशाचे बीज येथल्याच नदीत सोडावयास वंशाची हरकत सहसा येऊ नये. हरकत आहे ती तळाची आणि पाण्याची. लोणावळ्यापासून तळेगाव, देहू, आळंदी, चाकणच्या पट्ट्यापर्यंत गावे शहरे झाली, त्यांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी नदीत उतरू लागले. आळंदीच्या घाटाशी फेसाने झाकलेली नदी महाराष्ट्राने वर्तमानपत्रांतून पाहिली आहे. अशा पाण्यात चिलापीसारखा परदेशातून आलेला, मातीत खळगा करून अंडी घालणारा आणि ती तोंडात धरून राखणारा मासा तग धरतो, कारण त्याने आपल्या संततीला नदीच्या तळाच्या भरवशावर सोडलेले नसते. महासीराचे अंडे मात्र त्या गोट्यांवर तीन-चार दिवस उघडे पडून राहते, आणि पिलू त्यानंतरही कित्येक दिवस तेथेच असते. म्हणून बोटुकली सोडण्याचा समारंभ करण्याऐवजी श्रावण-भाद्रपदात कोणत्या ओढ्याच्या तळावर गोटे स्वच्छ आहेत, रात्रीच्या शेवटच्या प्रहरी, जेव्हा पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो तेव्हा, तो किती उरतो, आणि बंधाऱ्यांतून मासा वर चढू शकतो की नाही, याची मोजणी आधी झाली पाहिजे. ती करावयास विशेष खर्च लागत नाही. निगडी-आकुर्डीच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनाही ती करता येईल. वळवणला कुलकर्णींनी आधी माशाचे अंडे कोठे आणि कसे जगते ते पाहिले आणि मग हाताने त्याला मदत केली, त्याच क्रमाने हे काम इंद्रायणीच्या खालच्या पात्रातही करावे लागेल, आणि त्यासाठी लागणारी पहिली माहिती त्यांच्या १९७१ च्या निबंधात तयार आहे.